आठवीतल्या लेकीसाठी शाळेकडे नेमकं काय मागायचं?

इंदिरानगरची_आई | १२ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार. इथलं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला बायपोलर मूड डिसऑर्डर (मूड कधी फार चढतो, कधी फार खाली जातो तो आजार) असल्याचं निदान झालं. त्याआधीचं दीड वर्ष आम्ही 'वयात येतेय, चिडचिड होणारच' म्हणत काढलं. गणपतीत सलग चार रात्री ती जवळजवळ झोपलीच नाही. चौथ्या रात्री तीनला मी पाणी प्यायला उठले, तर ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून गोदावरीचा नकाशा काढत होती, त्र्यंबकपासून थेट राजमहेंद्रीपर्यंत. दोनशे पानी वही निम्म्याहून जास्त भरलेली, प्रत्येक उपनदी वेगळ्या रंगात. बोलणं इतकं भरभर की एक वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू. आणि दसऱ्यानंतर हीच पोर वेणी घालायला हात वर करेना. वहीत नुसती तारीख लिहायची, खाली पान कोरं.

आता रात्री लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, आणि सोबत झोपेचं एक औषध चालू आहे. घरात बरंच सावरलंय. अडचण शाळेत आहे. शाळा सकाळी ७.१० ची. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणून ठेवलेत, त्यामुळे बस ६.१० ला येते. औषधाची गुंगी साडेआठपर्यंत उतरत नाही, म्हणून पहिले दोन तास तिचं डोकं बाकावर असतं. चौथीपर्यंतच्या वर्गांना सरकारने नऊच्या आत शाळा भरवायची नाही असं केलं, पण ही आठवीत.

लिथियममुळे तिला सारखी तहान लागते, मग बाथरूमलाही जावं लागतं. डिसेंबरमध्ये तिच्या हँडबुकात लाल शाईचे अकरा शेरे आहेत. 'वर्गात झोपते.' 'पाण्याच्या निमित्ताने वारंवार बाहेर जाते.' 'विचारलं तर उत्तर देत नाही, उद्धट.' एके दिवशी बाटली टेबलावर जप्त झाली, ती शाळा सुटेपर्यंत मिळालीच नाही. घरी आली तेव्हा ओठ सुकून पांढरे पडले होते. बूटही न काढता तिने बाटली नळाखाली धरली आणि निम्मी भरायच्या आत तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन पर्यवेक्षिका मॅडमना भेटले, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. मग म्हणाल्या, "इतकी ओढाताण कशाला? आठवीचा निकाल लागला की दाखला घ्या. घरी शांतपणे अभ्यास करू दे आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी द्या." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

तिच्या दोन मैत्रिणी या शाळेत आहेत. वाईट दिवसांतही ती ज्यांच्याशी बोलते त्या दोघीच. मला ती इथेच शिकायला हवी आहे. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्टमुळे प्रत्येक वेळी मीच शाळेत जाते. पण मागायचं नेमकं काय? 'समजून घ्या' म्हटलं की सगळे मान हलवतात, आणि दोन दिवसांनी परत लाल शेरा. कोणी यातून गेलंय का?

---

आप्पा_पंचवटी | १३ जानेवारी, सकाळी ७.०५

ताई, वडीलकीच्या नात्याने सांगतो, राग मानू नका. शाळेला आजाराचं नाव सांगायला नको होतं. मुलीची जात आहे. नाशिक काही फार मोठं नाही, इंदिरानगरातली गोष्ट संध्याकाळी पंचवटीत पोचते. पोटाचा विकार आहे, पाणी प्यावं लागतं, एवढं पुरलं असतं. औषध मात्र चुकवू नका. माझ्या धाकट्या भावाचं आम्ही चुकवलं होतं, त्याचे परिणाम घर अजून भोगतंय.

---

शिकवणाऱ्या_बाई | १३ जानेवारी, दुपारी ३.२०

इंदिरानगरच्या ताई, मी नाशिकरोडला माध्यमिक शाळेत बावीस वर्षं शिकवतेय. आधी माझं स्वतःचं सांगते. नववीतल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी 'बुद्धी आहे, पण आळशी व तुसडा' असं लिहिलं होतं. पुढे कळलं की त्याला डिप्रेशन होतं. मोठ्या माणसाची उदासी डोळ्यांत दिसते, मुलांची पुष्कळदा चिडचिडीतून बाहेर पडते, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. ते प्रगतिपुस्तक त्याच्या घरी अजून असेल. माझ्या अक्षरात.

वर्गात आमच्यासमोर ५८ मुलं असतात. बाकावर टेकलेलं डोकं दिसतं, रात्रीची गोळी दिसत नाही. म्हणून शिक्षकाला आजाराबद्दल व्याख्यान देऊ नका, त्याने उद्या सकाळी काय करायचं तेवढंच सांगा. आठवीला सात-आठ शिक्षक असतात. पर्यवेक्षिकांना सांगितलेलं चित्रकलेच्या सरांपर्यंत पोचतच नाही. एक पान लिहा, प्रत्येक विषयशिक्षकाच्या हातात जाईल असं बघा आणि शाळेतला एक माणूस ठरवून घ्या, ज्याच्याकडे मुलगी कधीही जाऊ शकेल. वर्गशिक्षिकाच असायला हव्यात असं नाही. आमच्याकडे ग्रंथपाल मॅडम हे काम सगळ्यांत चांगलं करतात.

आणि एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे वह्या. मूल आठ दिवस खालच्या मूडमध्ये असलं की आठ विषयांचं लिखाण मागे पडतं. नवव्या दिवशी जरा बरं वाटून ते शाळेत येतं, आणि प्रत्येक जण म्हणतो, 'आधी मागची वही पूर्ण कर.' पोराला तिथेच परत धाप लागते. मी अशी मुलं पाहिलीत जी आजारामुळे दोन दिवस घरी राहिली आणि वह्यांच्या धास्तीने पुढचे दहा. तेव्हा हे नक्की मागा: मागचं उतरवून काढायला लावायचं नाही. मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स चिकटवली तरी वही पूर्ण धरायची. गृहपाठात दहा गणितांऐवजी चार. लेखी चाचणी हुकली तर दहा मिनिटं तोंडी.

मूड चढलेला असतो तेव्हाचंही लिहा. मुलगी भरभर बोलायला लागली, सगळ्यांच्या मध्ये उत्तरं द्यायला लागली तर चारचौघांत तिला गप्प करू नये, तिथे शब्दाला शब्द वाढतो. 'जरा ऑफिसातून खडू घेऊन ये गं' म्हणून बाहेर पाठवावं. चालून आलं की पोर थोडं निवतं.

भेटायला ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका. मागे पालकांची रांग असते आणि सगळ्यांचे कान तुमच्याकडे.

---

सिडकोतला_बाबा | १३ जानेवारी, रात्री १०.१५

ताई, माझ्या मुलाला नववीपासून वारंवार येणारं डिप्रेशन आहे, आता तो बारावीत आहे. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दात देतो: पोच.

आठ महिने मी शाळेत तोंडी बोलत होतो. मुख्याध्यापक चांगले होते, ऐकायचे. त्यांची बदली झाली आणि आमचं सगळं बोलणं त्यांच्यासोबत गेलं. नव्या सरांनी विचारलं, 'रेकॉर्डला काय आहे?' काहीच नव्हतं. तेव्हा अर्ज दोन प्रतींत द्या, मुख्याध्यापकांच्या नावाने. तुमच्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. भेटीत जे ठरेल ते त्याच संध्याकाळी 'आज आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार' असं लिहून ईमेलने पाठवा.

आता दाखल्याचं, कारण तिथे तारीख महत्त्वाची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि तहानलेल्या मुलीचं पाणी अडवणं मी तरी त्यातच धरीन. पण हे कवच आठवीपर्यंतचं आहे. एप्रिलनंतर ते उरत नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे हा कायदा तिला लागूच होत नाही. म्हणून अर्ज दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ वर उभा करा. त्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, आणि व्याख्येत मूडचा उल्लेखही आहे. कलम १६ मध्ये सरकारी मान्यता असलेल्या शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात असं आहे, आणि तिथे आठवीची मर्यादा नाही.

शाळा म्हणेल, '४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणा.' बोर्डाच्या सवलतींसाठी ते लागतं. पण वर्गात बाटली ठेवायला लागत नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलंय की वाजवी सोयींचा हक्क ४० टक्क्यांच्या वरच्यांपुरता नाही. प्रश्न परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता, तत्त्व सगळीकडे चालतं. आणि जुलै २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलंय. तुमच्या शाळेत कोण आहे ते विचारा.

सर्टिफिकेटची तयारी आत्ताच सुरू करा, दहावीला धावपळ नको. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरायचा, मग सिव्हिलला तपासणी. मानसिक आजारासाठी आयडियाज नावाचं मोजमाप वापरतात. त्यात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, आणि काम असे चार भाग बघतात. मुलांचं काम म्हणजे शाळा. शिवाय आजार किती काळ आहे हेही धरतात, तेव्हा त्रास कधी सुरू झाला ते सांगा, नुसती निदानाची तारीख सांगू नका. आणि ताई, ते अकरा लाल शेरे फाडू नका. शाळेने स्वतःच्या हाताने, तारखेसकट लिहून दिलंय की मुलीला रोजच्या रोज शाळेत काय अडतंय. एवढा चांगला पुरावा डॉक्टरही देऊ शकणार नाहीत. सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढा.

४० टक्के किंवा जास्त निघाले तर बोर्डाला तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात. तो प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. म्हणजे शाळेशी भांडण करून चालत नाही, तिथूनच सही हवी असते.

दाखला पालकाच्या अर्जावर निघतो. 'फक्त फॉर्मॅलिटी' म्हणून कोणी कागद पुढे केला तर त्यावर सही करू नका. मी जवळजवळ केली होती, पेन हातात होतं.

आप्पा, तुमची काळजी कळते. वर्गशिक्षकांना द्यायच्या पानावर आजाराचं नाव नसलं तरी चालेल, 'दीर्घकालीन वैद्यकीय उपचार' पुरतं. पण बोर्डाची सवलत हवी तर प्रमाणपत्रावर प्रकार लिहिलेला असणारच. आमच्या घरात यावर आठवडाभर वाद झाला होता. शेवटी मुलगाच म्हणाला, 'लिहा.' पोटाचा विकार सांगितला तर ते पाणी देतील, पण पहिल्या दोन तासांची झोप कुठल्या पोटात घालणार?

---

मागच्या_बाकावरची | १४ जानेवारी, रात्री १२.५०

काकू, मी चोवीस वर्षांची आहे, मला पंधराव्या वर्षी हाच आजार निघाला. तुमच्या मुलीला विचारलंत का, शाळेत काय सांगायचं ते?

माझी आई शाळेत जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मॅडम सगळ्या वर्गाला म्हणाल्या, 'हिला कोणी त्रास द्यायचा नाही, हिला बरं नसतं.' त्यांना मदतच करायची होती. पुढचे तीन महिने मधली सुट्टी मी जिन्याखाली डबा उघडून काढली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ मध्ये आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. तो डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण अर्जात त्याचा उल्लेख करा आणि शाळेकडूनही तेच मागा. वर्गासमोर बोलायचं नाही, पालकांच्या ग्रुपवर तर नाहीच.

मला खरी मदत झाली ती दोन गोष्टींची. एक, बाहेर जाताना तोंडाने परवानगी मागायची नाही. बाकाच्या कोपऱ्यावर निळं कार्ड ठेवायचं आणि जायचं. वाईट दिवसांत 'मे आय गो' एवढं म्हणायलाही घसा उघडत नाही. दुसरं, रजेवरून परत येताना मैत्रिणींना काय सांगायचं ते वाक्य घरीच ठरवून ठेवलेलं होतं. माझं होतं, 'औषधं बदलत होते, आता बरी आहे.' कोणी पुढे विचारलं नाही.

आणि हे कठीण आहे, पण अर्जात असू द्या. मुलगी मरणाबद्दल काही बोलली, लिहिलं, किंवा वस्तू वाटायला लागली, तर शाळेने रागवायचं नाही, समजवत बसायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही आणि तुम्हाला लगेच फोन करायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. मी स्वतः केलाय. तो शाळेच्या ऑफिसातही लावून ठेवायला सांगा.

---

इंदिरानगरची_आई | ३० जानेवारी, दुपारी १.३०

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण अर्ज तीनदा लिहिला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो तिच्यापुढे ठेवला आणि पेन्सिल दिली. मी लिहिलं होतं, 'ती पूर्वी हुशार होती, सातवीत ८४ टक्के होते.' तिने 'पूर्वी' आणि 'होती'वर रेघ मारली, मग पूर्ण वाक्यच खोडलं. म्हणाली, "मार्कांसाठी पाणी मागतेय का आपण?" आणि खाली स्वतः एक ओळ घातली: 'उशिरा आले तर सगळ्यांसमोर आज कुठून उगवलीस असं म्हणू नये.' हे कोण म्हणत होतं, कधीपासून, मला माहीतच नव्हतं.

अर्जात शेवटी एवढं राहिलं. पाण्याची बाटली कायम बाकावर, बाहेर जायला कार्ड. सकाळी गुंगी असेल त्या दिवशी दुसऱ्या तासाला आली तरी अर्धी रजा नाही. लिथियमची रक्तातली पातळी गोळीनंतर बारा तासांनी तपासतात, म्हणजे सकाळी नऊला, त्या दिवशीची हजेरी वैद्यकीय धरायची. उलट्या, जुलाब झाले किंवा हात जास्त थरथरले, चालताना तोल गेला, बोलणं अडखळलं तर लगेच घरी फोन. डोकं दुखलं म्हणून शाळेतल्या पेटीतली आयबुप्रोफेनची गोळी द्यायची नाही, तिने लिथियम रक्तात वाढतं. उन्हात पीटी नाही. वह्यांचं बाईंनी सांगितलं तसंच्या तसं. आणि मागच्या_बाकावरचीने सांगितलेला परिच्छेद. तो टाइप करताना माझी बोटं चालेनात, मिस्टरांनी पूर्ण केला. त्या दिवशी ते रजा काढून सोबत आले.

मुख्याध्यापकांनी वीस मिनिटं दिली होती, तासभर बसलो. बाटली, कार्ड, दुसरा तास, वह्या, सगळं मान्य झालं. वार्षिक परीक्षेत जादा वेळ द्यायला मात्र सर्टिफिकेटशिवाय तयार नाहीत. समुपदेशक दुसऱ्या शाखेतून फक्त गुरुवारी येतात, म्हणून रोजचा ठरलेला माणूस म्हणून तिने प्रयोगशाळेतल्या मावशी निवडल्या. सगळे जरा चकित झाले, पण मावशी हो म्हणाल्या. दाखल्याचा विषय कोणी काढला नाही, आम्हीही नाही. आवक क्रमांकाची प्रत कपाटात आहे, सिव्हिलची तारीख फेब्रुवारीतली मिळालीय. गेल्या दोन आठवड्यांत दोन लाल शेरे आले, दोन्ही नव्याने आलेल्या हिंदीच्या सरांचे. त्यांना पान पोचलंच नव्हतं. पोचवलं.

आता एक नवीनच. सहलीचं पत्र आलंय, फेब्रुवारीच्या शेवटी, एक मुक्काम. तिला जायचंय. रात्रीची औषधं कोणाच्या हातात द्यायची? आणि जागरण?

---

शिकवणाऱ्या_बाई | ३० जानेवारी, संध्याकाळी ६.४५

अगं, किती छान झालं. मावशींना निवडलं हे तर फारच.

सहलीला पाठवायचं की नाही ते आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर औषधं सोबत असणाऱ्या शिक्षिकेच्या हातात द्यायची, मुलीच्या सॅकमध्ये नाही. एका रात्रीचीच द्यायची, पूर्ण स्ट्रिप नको. पाकिटावर नाव, गोळीचं नाव, वेळ लिहा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स त्याच पाकिटात. बस लागून उलटी झाली तर काय करायचं तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या, लिथियम आहे म्हणून.

जागरणाला मात्र उपाय करावा लागेल. मुक्कामाला मुली दोन वाजेपर्यंत झोपत नाहीत, एका खोलीत वीस जणी. मी असते तर मुक्कामाच्या ठिकाणी शिक्षिकांच्या खोलीत तिची आणि त्या दोन मैत्रिणींची गादी टाकली असती. तिघी असल्या की ती एकटी वेगळी दिसत नाही. दहाला दिवे बंद. मॅडमना आत्ताच विचारून ठेवा, खोल्यांची यादी सहलीच्या आठ दिवस आधीच तयार होते.